ग्रंथपालांनी लिहावे आणि त्यांचे लिखाण छापले जावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन साजरा होतो आणि आपल्या पत्रासह सर्वच वर्तमानपत्रांत प्रतिमापूजनाच्या व सत्काराच्या बातम्या येतात. अध्यक्षस्थानी कोण होते, प्रास्ताविक कोणी केले आणि आभार कोणी मानले हे त्या बातम्यांतून नेमके कळते. ज्याच्या नावाने तो दिवस पाळला जातो त्या ग्रंथपालाने वर्षभरात काय पाहिले, काय केले आणि त्याला काय करता आले नाही, याविषयी मात्र त्यांत एक ओळही नसते. यात वार्ताहरांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. ग्रंथपालांनी स्वतः लिहिलेले फारसे काही आपल्याकडे उपलब्धच नसते, तेव्हा त्यांनी ते आणावे कुठून? मी एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. निरनिराळ्या देशांतील ग्रंथपालांनी आपल्या कामाविषयी केलेले लेखन मी बरीच वर्षे आवडीने, आणि कित्येकदा गरजेपोटीही, वाचत आले आहे. ते वाचताना आपल्याकडची उणीव अधिकाधिक जाणवत गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे; तरी शक्यतो काटछाट न करता छापावे, ही विनंती.

ग्रंथपालाने नियमित लिहिलेल्या नोंदी किती मोलाच्या ठरतात, हे मला बगदादच्या उदाहरणाने पटले. एप्रिल २००३ मध्ये सद्दाम हुसेन यांची राजवट कोसळली, त्या दिवसांत इराकचे राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागार लुटले आणि जाळले गेले. अभिलेखांपैकी सुमारे ६० टक्के आणि पुस्तकांपैकी सुमारे २५ टक्के संग्रह त्यात गेला. दुर्मीळ ग्रंथ तर जवळजवळ सगळेच नाहीसे झाले. त्या उद्ध्वस्त संस्थेची जबाबदारी इतिहासाचे अभ्यासक साद इस्कंदर यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस स्वीकारली. नोव्हेंबर २००६ ते जुलै २००७ या काळातील त्यांची रोजनिशी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. जनरेटरसाठी इंधन मिळाले की नाही, कर्मचाऱ्यांना घेऊन येणारी गाडी सुखरूप पोहोचली का, गोळीबारामुळे आज कोणाला येता आले नाही, अशा नोंदी त्यात पानोपानी आहेत. कर्मचाऱ्यांपैकी आणि त्यांच्या नातलगांपैकी किती जण मारले गेले, किती पळवले गेले, किती जणांना धमक्या आल्या आणि किती जणांना राहते घर सोडावे लागले, याचा हिशेब ते महिन्याच्या अखेरीस मांडत. ५ मार्च २००७ रोजी बगदादच्या पुस्तकबाजारात, म्हणजे मुतनब्बी रस्त्यावर, मोठा स्फोट झाला. त्या दिवशी आकाशात उडणारे हजारो कागद त्यांनी पाहिले आणि त्याच दिवसाखाली त्याची नोंद केली. या सगळ्यात ग्रंथालयाचे काम चालूच होते, भिजलेले दस्तऐवज वाळवले जात होते, वाचकही येत होते. इराकवर त्या काळात आपल्याकडेही रकानेच्या रकाने भरून मजकूर आला; परंतु एका कचेरीत रोज सकाळी हजेरीपत्रक उघडताना काय वाटत असेल, हे मला कळले ते या नोंदींतूनच.

अशा लेखनाचा दुसरा उपयोग याहून व्यावहारिक आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तो मला अधिक निकडीचा वाटतो. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालय नदीच्या अगदी काठावर असल्याने दहा लाखांहून अधिक पुस्तके, वृत्तपत्रे व हस्तलिखिते पाण्याखाली आणि चिखलाखाली गेली. देशोदेशींचे तरुण हातोहाती पुस्तके बाहेर काढायला धावले, ही हकिकत अनेकांना ठाऊक असेल. त्यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ओली पुस्तके तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांमध्ये नेऊन वाळवण्यात आली, पाणी शोषण्यासाठी लाकडाचा भुसा वापरला गेला, रेल्वे स्थानकाच्या बॉयलर-घरात पुस्तके धुण्याची व्यवस्था उभारण्यात आली. यातील काही उपाय लागू पडले, काही अंगाशी आले. चिखल तसाच ठेवून वाळवलेल्या पुस्तकांची चामड्याची बांधणी आकसली आणि चिखल दगडासारखा घट्ट झाला. यश आणि अपयश दोन्ही तेथील जाणकारांनी लिहून ठेवले. तेथे काम केलेले पीटर वॉटर्स हे पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांनी १९७५ मध्ये भिजलेल्या ग्रंथांच्या बचावाची एक मार्गदर्शिका तयार केली. बुरशी धरायला साधारण ४८ तास पुरतात, तेवढ्या वेळात सर्व पुस्तके वाळवणे शक्य नसेल तर ती गोठवून ठेवावीत आणि सवडीने वाळवावीत, हा विचार याच अनुभवांतून पुढे आला. गुळगुळीत कागदाची पाने एकदा एकमेकांना चिकटून वाळली की पुन्हा सुटत नाहीत, म्हणून अशी पुस्तके आधी हाताळावीत, हेही आज जगभरच्या ग्रंथपालांना माहीत आहे, कारण ते कोणीतरी वेळेवर लिहिले.

आता आपल्याकडे पाहू. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून चालत आलेले आहे. जुलै २००५ च्या पुरात त्याची ग्रंथसंपदा भिजली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर भागातील वाचनालयांचे अतोनात नुकसान केले. त्या दिवसांत तेथील ग्रंथपालांनी, शिपायांनी आणि कार्यकर्त्यांनी काय केले असेल? कोणती पुस्तके आधी उचलली, वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे कसे वाळवले, दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वह्या, वाचवता आल्या की नाही, कोकणातल्या दमट हवेत पंख्याखाली ठेवलेल्या पुस्तकांना किती दिवसांनी बुरशी आली, लगद्यासारखा झालेला माल निर्लेखित करण्यासाठी, म्हणजे नोंदींतून कमी करण्यासाठी, कागदपत्रांची पूर्तता कशी केली, हे सगळे त्या माणसांना ठाऊक आहे. सांगली-तासगाव भागात बेदाण्याची कितीतरी शीतगृहे आहेत. त्यांतील थंडी गोठवण्याइतकी नसली, तरी बुरशीचा वेग मंदावण्यापुरता तिचा उपयोग होतो का, हे कोणी करून पाहिले असेल तर त्या प्रयोगाचे मोल फ्लॉरेन्समधील कोणत्याही प्रयोगाइतकेच आहे. पण ते छापून कुठेही आलेले माझ्या पाहण्यात नाही. बातम्या आल्या त्या नुकसानीच्या रकमेच्या आणि मदतीच्या आवाहनाच्या. त्या आवश्यकच होत्या. मात्र उद्या नदीकाठच्या दुसऱ्या एखाद्या गावात पाणी शिरले, तर तेथील ग्रंथपालाला चिपळूणचा अनुभव वाचता येणार नाही. त्याने पुन्हा सगळे पहिल्यापासून शिकायचे, आणि तेही पुस्तके भिजत असताना!

हे लिहिताना मला बडोद्याची आठवण फार होते. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बोर्डन या अनुभवी ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे उभारले. गावकऱ्यांनी काही रक्कम जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी त्याची रचना होती. ज्या खेड्यात वाचनालय होऊ शकत नसे तेथे कुलूपबंद पेट्यांतून पुस्तके पाठवली जात. हा इतिहास आपल्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. १९१२ मध्ये तेथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले, ही गोष्ट मात्र शिकवताना एका ओळीत उरकली जाते. त्या नियतकालिकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग होते. म्हणजे ग्रंथालयात काम करणाऱ्याने आपल्या कामाविषयी मराठीत लिहावे आणि ते सर्वांना वाचायला मिळावे, अशी सोय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एका संस्थानाच्या राजधानीत, एका दूरदर्शी राजाच्या आश्रयाने झाली होती. दहा वर्षेही पुरी होण्याआधी ते बंद पडले. भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने केला, महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली आला, आज राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक वाचनालये आहेत. आपल्याकडे ग्रंथालय संघांची मुखपत्रे आहेत, विद्यापीठांतून संशोधनपर निबंधही लिहिले जातात, त्यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण देवघेवीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाने सामान्य वाचकासाठी लिहिलेला मजकूर त्यांत क्वचितच सापडतो.

इंग्लंडमध्ये २०१० नंतर नगरपालिकांचे निधी आटले आणि शेकडो शाखा-ग्रंथालये बंद झाली. कोणती शाखा बंद झाली, कोणती स्वयंसेवकांच्या हवाली केली गेली, याची नोंद एका ग्रंथपालाने नोकरी सांभाळून, स्वतःच्या वेळात ठेवायला सुरुवात केली. पुढे देशभरातील वर्तमानपत्रे त्या नोंदीचा आधार घेऊ लागली. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३५ पासून १९४३ पर्यंत, केंटकीच्या डोंगराळ भागात स्त्रिया घोड्यावरून आणि खेचरावरून घरोघरी पुस्तके पोहोचवत असत. पुस्तके अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायकांकडून पाककृती आणि गोधड्यांचे नमुने गोळा केले, जुन्या मासिकांतील कात्रणांसोबत ते वह्यांत चिकटवले आणि त्या वह्या पुस्तकांप्रमाणेच घरोघर फिरवल्या. कोणत्या घरात काय वाचले जाते हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांना हे सुचले.

वाचकाला काय हवे आहे हे आपल्याकडच्या ग्रंथपालालाही ठाऊक असते. आमच्या वाचनालयात मी मागणी वही ठेवत असे. वाचकाने मागितलेले पण आमच्याकडे नसलेले पुस्तक त्या वहीत तारखेनिशी लिहायचे, एवढाच नियम होता. कादंबऱ्यांची आणि चरित्रांची नावे त्यात होतीच. पण त्याबरोबर ‘मोठ्या टायपातली ज्ञानेश्वरी’, ‘डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे पुस्तक’, ‘सातबारा कसा वाचावा’, ‘तलाठी भरतीचे नवीन गाइड, जुने चालणार नाही’, ‘डोहाळजेवणाची गाणी’, ‘मुलगी बोलायला लागत नाही, त्यावर काही’, अशा नोंदीही होत्या. शेवटची नोंद एका तरुण आईने सांगितलेली होती, आणि ते पुस्तक आम्ही तिला वेळेत देऊ शकलो नाही. जानेवारीपासून भरतीच्या पुस्तकांची मागणी वाढे, उसाचा हंगाम संपला की दुपारी बसायला येणाऱ्यांची संख्या वाढे, परीक्षेच्या दिवसांत घरात जागा नसलेली मुले रात्री वाचनालय बंद होईपर्यंत उठत नसत. गावाच्या मनात त्या वर्षी काय चालले आहे हे या वहीवरून जितके स्पष्ट कळे, तितके कोणत्याही सर्वेक्षणातून कळले नसते.

तपासणीसाठी मात्र या वहीची गरज कोणालाच कधी लागली नाही. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकांची संख्या, वाचनालय उघडे राहण्याचे तास, खर्चाच्या पावत्या, एवढे जुळले की वार्षिक अहवालाचे काम झाले. अनुदानासाठी हे आकडे लागतातच, त्याविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, हजारो वाचनालयांतून दरवर्षी आकडे गोळा करणाऱ्या राज्यात त्या हजारो ठिकाणी बसलेल्या माणसांचे एक वाक्यही गोळा होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वाचनालये बंद झाली ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडली नाहीत. त्या महिन्यांत कित्येक ग्रंथपालांनी वृद्ध सभासदांना घरपोच पुस्तके दिली, काहींनी फोनवरून मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना वर्गणीच न आल्याने अर्धपोटी राहावे लागले. याची नोंद आज कुठे शोधायची?

लिहिण्याविषयी एक मर्यादा मी आवर्जून सांगते, कारण ती पाळली नाही तर ग्रंथपालाने न लिहिणेच बरे. वाचकाचे नाव आणि त्याने काय वाचले, ही दोन माहिती एकत्र कधीही बाहेर जाता कामा नये. वर दिलेल्या नोंदींतही मी कोणाची ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही. याबाबत अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या चार ग्रंथपालांचे उदाहरण मोठे बोलके आहे. २००५ मध्ये तेथील तपास यंत्रणेने ग्रंथालयातील संगणक वापरणाऱ्यांची माहिती मागितली, आणि अशी मागणी झाल्याचे कोणालाही सांगायचे नाही, असा आदेशही सोबत दिला. या चौघांनी माहिती देण्यास नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. ज्या कायद्यान्वये ही मागणी झाली त्याच्या नूतनीकरणाची चर्चा त्यांच्या देशाच्या संसदेत चालू असताना, तो कायदा प्रत्यक्षात कसा वापरला जातो हे ज्यांना ठाऊक होते त्या ग्रंथपालांना तोंड उघडण्याची मनाई होती. २००६ मध्ये कायद्याचे नूतनीकरण होऊन गेल्यावर ती मनाई उठली. वाचकाचे गुपित राखणे आणि ग्रंथालयावर येणारे दडपण जाहीर करणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत, हे या प्रकरणातून मला समजले.

आपले ग्रंथपाल का लिहीत नाहीत, याची कारणे मी जवळून पाहिली आहेत. पहिले कारण पोटाचे आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला, त्याचे आम्ही सर्वांनी मनापासून स्वागत केले. तरीही ‘ड’, म्हणजे सर्वांत खालच्या, वर्गाच्या अनेक वाचनालयांत ग्रंथपालाच्या हाती महिनाअखेर पडणारी रक्कम शेतमजुराच्या मजुरीपेक्षा कमी असते. दिवसभर दुसरे काम करून संध्याकाळी वाचनालय उघडणाऱ्या माणसाकडून लेखनाची अपेक्षा करताना हे विसरता येत नाही. दुसरे कारण भीतीचे आहे. कार्यकारिणीला काय वाटेल, तपासणीला येणारे अधिकारी काय म्हणतील, या विचाराने हात आखडतो. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपालाने अनुदानाचा हप्ता उशिरा येण्याने होणाऱ्या अडचणींविषयी एका साप्ताहिकात चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. त्या चार ओळींत एकही चुकीचे विधान नव्हते. त्यानंतर त्यांनी काहीही लिहिले नाही, आणि आसपासच्या गावांतील इतरांनीही त्यापासून घ्यायचा तो बोध घेतला. तिसरे कारण असे की, आपण रोज करतो त्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे या लोकांना प्रामाणिकपणे वाटते. हे कारण दूर करणे वर्तमानपत्राच्या हातात आहे. कोणीतरी आपले लिखाण मागते आहे, एवढे कळले तरी पुष्कळ जण लिहिते होतील, असा मला विश्वास आहे.

म्हणून आपणांस विनंती अशी की, आपल्या पत्रात पंधरा दिवसांतून एकदा अर्धा रकाना ग्रंथपालांच्या नोंदींसाठी राखून ठेवावा. भाषा घासूनपुसून घेण्याचे काम संपादकीय विभागाने करावे, पण अनुभवाला कात्री लावू नये. आणि लेखकाने इच्छा व्यक्त केल्यास त्याचे व गावाचे नाव छापू नये. ग्रंथालय संचालनालयाने वार्षिक अहवालाच्या नमुन्यात एक कोरे पान जोडावे, ते ग्रंथपालाने स्वतःच्या शब्दांत भरावे, आणि त्यांतील निवडक पाने दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध व्हावीत. त्या पानावरील मजकुरासाठी कोणाकडूनही खुलासा मागितला जाणार नाही, असे लेखी आश्वासन मात्र त्याबरोबर हवे, नाही तर ते पान कोरेच परत येईल. ग्रंथालय संघांच्या प्रमाणपत्र वर्गांत वर्गीकरण आणि तालिकीकरणाबरोबर (म्हणजे पुस्तकांची सूची करण्याबरोबर) नोंदी लिहिण्याचे दोन तास ठेवले तर नव्या मुलामुलींचा हात सुरुवातीपासूनच वळेल.

आपण हा रकाना सुरू केल्यास पहिला विषय पुरात भिजलेल्या पुस्तकांचा असावा आणि तो पुढच्या जूनपूर्वी छापून यावा, असे मी सुचवते. चिपळूण, सांगली, कोल्हापूर आणि महाड भागातील ग्रंथपालांना आपण आवाहन केलेत तर त्यांच्याकडून मजकूर मिळवून देण्यासाठी पत्रव्यवहार आणि फोन करण्याचे काम मी आनंदाने करीन. माझ्याकडील मागणी वह्यांतील निवडक पानेही, वाचकांची ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन, आपल्याकडे पाठवण्याची माझी तयारी आहे. कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
जि. सातारा